मोठ्या डब्यातली वीज, छोटा कॉम्प्युटर

पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत कॉम्प्युटरचा एसएमपीएस घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी वॅट सांगतं. "साडेचारशेचा द्या." मशीन कुठलं, त्यात डिस्क किती, ते तासभर लागणार की दिवसभर, यातलं काहीही बोलायच्या आधी आकडा येतो. वीस वॅटवर चालणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरसाठीही साडेचारशेच. एसएमपीएस दुरुस्तीच्या टेबलावर माझी उमेदीची वर्षं गेली. हा आकडा इतक्यांदा कानावर आला, की तो आला कुठून हे एकदा लिहून ठेवावं असं वाटू लागलं. कॉम्प्युटरला वीज देणाऱ्या डब्याचा इतिहास हा मोठ्या मशीनचा इतिहास आहे. छोट्याच्या मापाचा डबा बराच काळ कोणी केलाच नाही. थोरल्याचे कपडे धाकट्याला, तसा मोठ्याचा डबा छोट्याने वापरला.

सुरुवात १९७५ च्या अल्टेअर ८८०० पासून करते. अमेरिकेत हौशी लोक हा कॉम्प्युटर घरी बसून स्वतः जोडत. त्याच्या पेटीत एक जड लोखंडी ट्रान्सफॉर्मर असे. त्यातून आठ व्होल्टच्या आसपासचा कच्चा डीसी सगळ्या कार्डांना जायचा आणि प्रत्येक कार्ड आपापल्या रेग्युलेटरवर त्याचे नेमके पाच व्होल्ट करून घ्यायचं. ७८०५ हा त्या जातीचा तीन पायांचा रेग्युलेटर आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेल्या प्रत्येकाने हाताळलेला आहे. आठ व्होल्ट आत, पाच बाहेर, मधले तीन नुसते तापण्यात जातात. एक अँपिअर घेतला की तीन वॅट उष्णता. कार्डं वाढली की पेटी भट्टीसारखी तापायची आणि पंख्याशिवाय गत्यंतर नसायचं.

याला पर्याय होता स्विचिंगचा, म्हणजे ज्याला आपण सरसकट एसएमपीएस म्हणतो त्याचा. भिंतीतून आलेली २३० व्होल्टची एसी आधी सरळ करायची. तिचे सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास डीसी होतात. ते ट्रान्झिस्टरने सेकंदाला हजारो वेळा तोडायचे आणि तुकड्यातुकड्याने एका लहानशा फेराइटच्या ट्रान्सफॉर्मरमधून खाली उतरवायचे. सेकंदाला पन्नास आवर्तनं असली की ट्रान्सफॉर्मरला किलोकिलोने लोखंड लागतं. तीच आवर्तनं तीस-चाळीस हजारांवर नेली की मुठीत मावेल एवढ्यात भागतं. हे गणित अभियंत्यांना आधीपासून ठाऊक होतं. एवढ्या व्होल्टला एवढ्या वेगाने टिकणारा स्वस्त ट्रान्झिस्टर तेवढा नव्हता. तो सत्तरच्या दशकात मिळू लागला. १९७६ साली सिलिकॉन जनरल कंपनीत बॉब मॅमानो यांनी एसजी१५२४ ही चिप केली आणि तोडाजोडीचं सगळं नियंत्रण एका सोळा पायांच्या तुकड्यात आलं.

पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, ॲपल-टू आला. त्याचा सप्लाय रॉड होल्ट यांनी केला होता. तो ३८ वॅटचा, पंख्याशिवाय चालणारा, अंगाने सडपातळ होता. सगळ्या कंपन्यांनी होल्टचीच नक्कल केली, असं स्टीव्ह जॉब्झ पुढे सांगत. मला ते पटत नाही. होल्टचं काम सुरेख होतं यात शंका नाही, पण त्याआधीही स्विचिंगचे सप्लाय यंत्रांत बसत होते. आणि पुढच्या पीसींचे डबे मी इतकी वर्षं उघडले, त्यात होल्टची मांडणी क्वचितच दिसली. तिथे हाफ-ब्रिजची मांडणी आणि टीएल४९४ किंवा तिची जुळी केए७५०० हीच चिप. माझ्या मते श्रेय द्यायचंच तर त्या ट्रान्झिस्टरांना आणि नियंत्रणाच्या चिपांना द्यावं. तरीही ॲपल-टूचे ते ३८ वॅट मला महत्त्वाचे वाटतात. अख्खा कॉम्प्युटर आणि फ्लॉपीचे ड्राइव्ह तेवढ्यात चालत. डबा मशीनच्या भुकेएवढाच केला होता.

आयबीएमचा पीसी १९८१ मध्ये आला तेव्हा त्याचा सप्लाय ६३.५ वॅटचा होता. १९८३ च्या एक्सटीला हार्ड डिस्क आली आणि सप्लाय १३० वॅटवर गेला. १९८४ च्या एटीला तो १९२ वॅट झाला. तीन वर्षांत तिप्पट. त्या वाढीला कारण होतं: जुन्या हार्ड डिस्का वीज भरपूर खात आणि विस्ताराच्या खाचांत कोण किती कार्डं लावील याचा नेम नसे. पण मोठा आकडा म्हणजे चांगलं मशीन ही समजूत तिथूनच रुजली.

आपल्याकडे नोव्हेंबर १९८४ च्या कॉम्प्युटर धोरणाने आयात सैल केली आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात तपकीर गल्लीत जोडणीचा धंदा उभा राहिला. मी ज्या दुकानात शिकले तिथे मालकांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांनी पहिल्या दिवशी दाखवलेली वस्तू कॉम्प्युटर नव्हताच, सीव्हीटी होता. बँकांत, सरकारी कचेऱ्यांत चपला बाहेर काढून ज्या एसीच्या खोलीत शिरायचं, तिच्या कोपऱ्यात हा लोखंडी पेटारा गुणगुणत असायचा. बाहेर व्होल्टेज एकशेऐंशीवर उतरो की अडीचशेवर चढो, तो आत स्थिर व्होल्टेज सोडायचा. त्यासाठी त्याचं लोखंड कायम चुंबकीय भाराने तुडुंब ठेवलेलं असे, त्यामुळे कॉम्प्युटर बंद असला तरी पेटारा गरमच. खरं तर एसएमपीएस स्वतःच बरंच व्होल्टेज कमी-जास्त पचवू शकतो. तरी लाखाच्या घरातलं मशीन, म्हणून कोणी जोखीम घेत नसे.

त्या काळच्या डब्यातून मदरबोर्डला पी-८ आणि पी-९ असे दोन पट्टीसारखे कनेक्टर जात. दोन्ही दिसायला सारखे, उलट लावले तरी बसायचे, आणि उलटे बसले की बोर्ड गेला. अण्णांचा धडा दोन शब्दांचा होता: "काळ्याला काळी." दोन्ही कनेक्टरांच्या काळ्या तारा मधोमध शेजारी यायला हव्यात. पुण्यात त्या पिढीतला जो कोणी कॉम्प्युटर जोडायचा, त्याच्या तोंडी हे शब्द होते.

१९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स आणला आणि दोन्ही पट्ट्यांच्या जागी उलटा बसूच शकणार नाही असा वीस पिनांचा एकच कनेक्टर आला. सोबत तारांचे ठरलेले रंग: पिवळी बारा व्होल्ट, लाल पाच, नारिंगी सव्वातीनच्या जवळ, जांभळी स्टँडबायचे पाच. डबा सुटा तपासायचा असेल तर हिरवी तार काळीला जोडायची, पंखा फिरला की डब्यात जीव आहे. ही युक्ती आजही टेबलावर रोज चालते. पण एटीएक्सने एक नवी सवय लावली. कॉम्प्युटर "बंद" केला तरी जांभळ्या तारेवर वीज राहते, म्हणजे भिंतीतलं बटण बंद करेपर्यंत डबा थोडी का होईना, वीज खातच राहतो.

आपल्या बाजारात या डब्यांचं काय झालं, ते तपशिलाने सांगायला हवं. डबा कॅबिनेटसोबत येऊ लागला. दोन्हींची मिळून एकच किंमत, त्यामुळे डब्याकडे कोणी वेगळं बघेना. वर स्टिकर ४०० वॅटचा, पुढे ४५० चा. उघडला की कळायचं. आत वीज शिरते तिथे फिल्टरच्या कॉइलची जागा छापलेली असायची, पण कॉइलऐवजी वाकवलेल्या तारेचे दोन तुकडे टाकलेले. फ्यूज बदलता येणार नाही असा थेट सोल्डर केलेला. दोनशे व्होल्टचे दोन मोठे कॅपॅसिटर असावे त्याहून बारीक. असा डबा दोनशे वॅटही सुखाने देत नसे. म्हणून जाणकार दुकानदार स्टिकर वाचायच्या आधी डबा हातात तोलून बघायचे. आत ट्रान्सफॉर्मर, कॉइल आणि ॲल्युमिनियम असेल तर वजन लागतंच. मी आजही हातात घेऊनच बघते.

मागच्या बाजूला ११५ आणि २३० लिहिलेलं छोटं लाल बटण असायचं. कोणीतरी झाडताना पुसताना ते ११५ वर सरकवलं आणि प्लग लावला की फाट असा आवाज, धूर, आणि दुपारी तो डबा माझ्या टेबलावर. ११५ वर सर्किट व्होल्टेज दुप्पट करतं. आपल्या २३० चीही ते दुप्पटच करायला जातं आणि कॅपॅसिटर फुटतात. दुसरी तक्रार झिणझिण्यांची. "ताई, कॅबिनेटला हात लावला की करंट बसतो." डब्यात फिल्टर असेल तर त्यातले दोन छोटे कॅपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून अर्थिंगला जोडलेले असतात. घरात अर्थिंग धड नसलं की कॅबिनेटवर निम्मं व्होल्टेज तरंगत राहतं. विद्युतप्रवाह अगदी थोडा असतो, पण अंगाला जाणवतो. दोष वायरिंगचा, आणि शिव्या मात्र डब्याला. काही जण फिल्टरवाला चांगला डबा परत करून बिनफिल्टरचा घेऊन जायचे, याचं मला फार वाईट वाटायचं.

छोट्या मशीनची खरी सुरुवात २००१ मध्ये झाली, असं मी मानते. तैवानच्या व्हिया कंपनीने मिनी-आयटीएक्स हा सतरा सेंटिमीटर चौरस बोर्डाचा आकार जाहीर केला आणि त्यावर पंख्याशिवाय चालणारे प्रोसेसर बसवले. त्याच सुमारास पेंटियम-४ ने मोठ्या मशीनमध्येही एक बदल घडवला होता. प्रोसेसर आता पाचाऐवजी बारा व्होल्टच्या पिवळ्या तारेवरून वीज घेऊ लागला, त्यासाठी चार पिनांचा वेगळा कनेक्टर आला. डब्याने तीन-चार प्रकारचे व्होल्ट तयार करायची गरज हळूहळू संपत चालली होती. बारा व्होल्ट मिळाले की बाकीचं बोर्डच करून घेतं.

आमच्या गल्लीत हे छोटे बोर्ड मोठ्या संख्येने दिसले ते २००८ नंतर, इंटेलच्या ॲटममुळे. डी९४५जीसीएलएफ नावाचा बोर्ड पहिल्यांदा हातात आला तेव्हा मी बुचकळ्यात पडले. पंखा होता तो प्रोसेसरच्या शेजारच्या चिपसेटवर, प्रोसेसरवर नुसताच हीटसिंक. कागदपत्रं बघितल्यावर उलगडा झाला. ॲटम २३० प्रोसेसरची मर्यादा ४ वॅटची, आणि त्याला जोडलेला ९४५जीसी चिपसेट बावीस वॅटच्या घरातला. जाहिरात चार वॅटची होती, पण सप्लाय निवडायचा तो चिपसेट, मेमरी आणि डिस्क धरून. कमी विजेचं मशीन बांधणाऱ्याने पहिली बेरीज ही करायला हवी.

तर त्या बोर्डाला गल्लीत काय लावायचे? कॅबिनेटसोबत आलेला साडेचारशेचा डबा. डब्याची अडचण अशी, की त्याचा स्वतःचा खर्च ठरलेला असतो. पंखा, नियंत्रणाची चिप, ट्रान्झिस्टर तोडण्यातलं नुकसान हे दोनशे वॅट देताना जवळजवळ जाणवत नाही, पंचवीस देताना तेच जड होतं. मी भिंतीवरच्या मीटरला लावून बघितलं: मशीनला पंचवीसच्या आसपास लागत होते आणि मीटर चाळीसच्या घरात दाखवत होता. त्याच मशीनला बारा व्होल्टची चांगली ब्रिक, म्हणजे लॅपटॉपसारखा बाहेरचा अडॅप्टर, आणि आत छोटा डीसी कन्व्हर्टर लावला तर आकडा तीसच्या घरात आला. दहा वॅट किरकोळ वाटतात. चोवीस तास, वर्षभर म्हणजे ८७.६ युनिट.

इथे कोणी म्हणेल, डबा वीज किती कमी वाया घालवतो हे सांगणारा ८० प्लसचा बिल्ला बघून घ्यावा. तो कार्यक्रम २००४ मध्ये सुरू झाला आणि त्याने मोठ्या मशीनच्या डब्यांचं फार भलं केलं. पण त्याची चाचणी वीस, पन्नास आणि शंभर टक्के भारावर होते. साडेचारशेचे वीस टक्के म्हणजे नव्वद वॅट. आपलं छोटं मशीन तिथवर पोहोचतच नाही. टायटॅनियम दर्जाच्या बिल्ल्याला मात्र दहा टक्क्यांचीही चाचणी आहे. तरीही पंचेचाळीस झाले.

तो आतला छोटा कन्व्हर्टर म्हणजे अमेरिकेतल्या मिनी-बॉक्स कंपनीचा पिकोपीएसयू किंवा त्याच्या धर्तीवरचे इतर. दोन बोटांएवढा बोर्ड, तो थेट मदरबोर्डच्या वीस पिनांच्या सॉकेटमध्येच बसतो. पहिल्यांदा बघणारा विचारतो, "बाकीचा डबा कुठाय?" बाकीचा डबा नाहीच. बाहेरून आलेल्या बारा व्होल्टांतून तो पाच आणि ३.३ व्होल्ट करतो. बारा व्होल्ट मात्र साध्या प्रकारात जसेच्या तसे पुढे जातात, आणि निवडीत बहुतेक जण इथेच फसतात. हार्ड डिस्कला ११.४ ते १२.६ व्होल्टच्या आत हवे असतात. ब्रिकचे व्होल्ट हलले की तेच डिस्कवर जाणार. ब्रिक स्थिरच हवी.

डिस्कवरून आठवलं. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागते त्या क्षणी बारा व्होल्टवर दोन अँपिअरपर्यंत ओढू शकते, म्हणजे एकटीच चोवीस वॅट. मग ती सात-आठ वॅटवर स्थिरावते. चार डिस्कांचं मशीन चालताना साठ वॅटमध्ये आरामात बसतं, पण चालू होतानाच ब्रिक हात टेकते. आणि जॅक बघा. बाहेरून साडेपाच मिलिमीटरचे दोन प्लग दिसायला सारखे, एकाचं भोक २.१ चं, दुसऱ्याचं २.५ चं. अडीचचा प्लग २.१ च्या खिळीवर सैल बसतो, मशीन चालतं, आणि महिन्याभरात जॅक वितळलेला असतो.

मोठ्या डब्याच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रात भारनियमनाने कहर केला. तेव्हा वीज क्षणभर मिचकली की नवी छोटी मशीनं रीस्टार्ट व्हायची आणि जुना डबा लावलेली तगायची. डब्यातल्या मोठ्या कॅपॅसिटरांत पूर्ण भाराला सतरा-अठरा मिलिसेकंद पुरेल एवढी ऊर्जा साठवलेली असते; भार दहावा हिस्साच असला की तीच एक-दोन दशांश सेकंद पुरते. घरगुती इन्व्हर्टर बॅटरीवर सरकायला जो वेळ घेतो तो त्यात निभून जायचा. ब्रिक मापातली, तिचे कॅपॅसिटरही मापातले, तिला हे जमत नाही. इन्व्हर्टरच्या मागचं यूपीएस मोडचं बटण दाबलं की पुष्कळदा काम होतं, पण त्याचा पत्ताच कोणाला नसायचा.

जुन्नर तालुक्यातल्या एका गावातून निवृत्त गुरुजी आले होते. वाचनालयाची पुस्तकयादी ठेवायला छोटा कॉम्प्युटर, सकाळी उघडल्यापासून संध्याकाळी बंद होईपर्यंत चालणारा, आणि वीज दिवसातून कितीदा जाईल सांगता येत नाही. तेही साडेचारशेच म्हणाले. मी म्हटलं, "गुरुजी, आधी मशीन किती घेतं ते बघू." फिरती डिस्क काढून एसएसडी लावली, मीटरवर वीस-बावीस वॅट दिसले. "मग यूपीएस केवढा लागेल, ताई?" यूपीएस नकोच, असं मी सांगितलं. बारा व्होल्टची बॅटरी आहे, ती बावीस वॅटची भूक थेट भागवते. आधी दोनशेतीस करायचे आणि परत बारा करायचे, यात दोनदा नुकसान. फक्त बॅटरीचे बारा म्हणजे नेमके बारा नसतात. चार्जरवर असताना पावणेचौदा, रिकामी होताना साडेदहा. म्हणून साधा कन्व्हर्टर चालणार नव्हता. गाडीत बसवायला केलेला, सहा ते तीस व्होल्ट घेणारा प्रकार बसवला, बॅटरीच्या टर्मिनललगत फ्यूज टाकला. सव्वीस अँपिअर-तासांची बॅटरी निम्मीच वापरली तरी सात तास होतात. गुरुजींनी चार्जर, बॅटरी, फ्यूज, कन्व्हर्टर अशी आकृती वहीत काढून घेतली आणि प्रत्येक ठिकाणी किती व्होल्ट मोजले ते माझ्याकडून लिहून घेतलं. इतक्या नीटपणे कोणी विचारलं की शिकवायला आनंद होतो.

त्यानंतर मशीन आणखी आक्रसलं. २०१२ च्या फेब्रुवारीत रास्पबेरी पाय आला आणि कॉम्प्युटर मोबाइलच्या चार्जरवर, पाच व्होल्टवर चालू लागला. सप्लायची चिंता मिटली असं लोकांना वाटलं. पाच व्होल्टवर चूक करायला जागाच उरत नाही, हे मशीन अडखळल्यावर कळू लागलं. पायच्या बोर्डावर व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की पडद्यावर विजेची खूण येते. बारीक तारेच्या केबलचा रोध पाव ओहम धरा; दोन अँपिअरला अर्धा व्होल्ट केबलमध्येच जातो आणि बोर्डाला उरतात साडेचार. चार्जर चांगला, बोर्ड चांगला, केबल वीस रुपयांची. म्हणून पुढे पायचे अधिकृत अडॅप्टर पाचाऐवजी ५.१ व्होल्टचे आणि केबल कायमची जोडलेली असे निघाले. आपल्याकडे २०१२ च्या आदेशाखाली पुढे अशा अडॅप्टरांनाही बीआयएसची नोंदणी सक्तीची झाली. आर अक्षराने सुरू होणारा तो क्रमांक छापलेला नसेल तर मी अडॅप्टर हातातही घेत नाही.

मोठी मशीनंही आता छोट्यांच्या वाटेला लागली आहेत. इंटेलने २०१९-२० च्या सुमारास एटीएक्स१२व्हीओ मांडला: डब्यातून फक्त बारा व्होल्ट, दहा पिनांचा कनेक्टर, बाकीचे व्होल्ट बोर्डाने करायचे. कारण तेच, भार कमी असताना डब्याचं वाया जाणं. मिनी-आयटीएक्सवाले हे वर्षानुवर्षं करत होते. तपकीर गल्लीत हा डबा मला अजून रुळलेला दिसत नाही.

हल्ली मुलं रास्पबेरी पाय ५ घेऊन येतात आणि सोबत लॅपटॉपचा पासष्ट वॅटचा यूएसबी-सी चार्जर दाखवतात. "मॅडम, हा तर सत्तावीसच मागतो, मग?" मी त्यांना चार्जर उलटा करून बारीक अक्षरं वाचायला लावते. तिथे बहुधा असतं: ५ व्होल्ट ३ अँपिअर, ९ व्होल्ट ३ अँपिअर, १५ व्होल्ट ३ अँपिअर, २० व्होल्ट ३.२५ अँपिअर. पासष्ट वॅट शेवटच्या ओळीत आहेत, वीस व्होल्टला. पायला हवेत पाच व्होल्टच, आणि त्या ओळीवर पंधराच वॅट मिळतात. बोर्ड सुरू होतो, पण पाच अँपिअर मिळत नाहीत हे ओळखून यूएसबीच्या खाचांना मिळून सहाशे मिलिअँपिअरच सोडतो, आणि त्यात लावलेली पोर्टेबल डिस्क टिकटिक करत बसते.